डोळ्यांमागची खोबण

डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमधले डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे एक व्याख्यान १८३५ साली छापून आले. तीन स्त्रियांची हकीकत त्यात होती. तिघींचा गळा समोरून सुजलेला, तिघींच्या छातीत सतत धडधड. एकीच्या हृदयाचे ठोके इतके जोरकस, की तिच्या छातीपासून चार फूट अंतरावर कान असतानाही ते ग्रेव्ह्जना स्पष्ट ऐकू आले. त्याच व्याख्यानात विशीतल्या एका बाईची गोष्टही येते. तिच्या तक्रारी सुरुवातीला हिस्टेरियाच्या समजल्या गेल्या. पुढे धडधड वाढली, गळा सुजला आणि डोळे विचित्र दिसू लागले. डोळ्यांचे गोळे मोठे झाल्यासारखे वाटत. झोपतानासुद्धा पापण्या मिटत नसत. डोळे उघडे असले की बुबुळाच्या चहूबाजूंनी पांढरा भाग दिसे.

मराठीत अशा डोळ्यांना वटारलेले डोळे म्हणतात आणि ते म्हणताना राग गृहीत धरतात. या बाईला राग आलेला नव्हता. आपला चेहरा आपल्या मनात नसलेले काहीतरी बोलतो आहे, हे या आजाराचे पहिले दुःख. ते आजही तसेच आहे.

ग्रेव्ह्जना मूळ दोष हृदयात आहे असे वाटले. ते उत्तर चुकले, पण निरीक्षण टिकले. ग्रेव्ह्ज होतेच नजरेचे पक्के. घड्याळ हातात धरून नाडी मोजावी आणि विद्यार्थ्यांनी पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ शिकावे, असा त्यांचा आग्रह असे. तरुणपणी ऑस्ट्रियात पासपोर्टशिवाय फिरत असताना त्यांना जर्मन हेर समजून दहा दिवस कोठडीत ठेवले होते, कारण त्यांचे जर्मन परक्याचे वाटत नव्हते.

पाच वर्षांनी, १८४० मध्ये, जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग या लहान गावातल्या कार्ल फॉन बासेडो या डॉक्टरने चार रुग्णांवर लेख लिहिला. गळ्याची गाठ, छातीची धडधड आणि बाहेर आलेले डोळे या तिन्ही खुणा त्याने एकत्र मांडल्या. वैद्यकात त्या त्रिकुटाला पुढे मेर्सेबुर्गचेच नाव मिळाले. बासेडोच्या लेखाच्या शीर्षकातच त्याचा तर्क होता: खोबणीतल्या ऊतींची वाढ झाल्यामुळे डोळे बाहेर येतात. डब्लिनचा निष्णात डॉक्टर हृदयाकडे पाहत राहिला आणि गावातल्या डॉक्टरने थेट डोळ्याच्या मागे बोट ठेवले. या विषयाच्या इतिहासात बासेडोला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. त्याचा तर्क खरा ठरायला जवळजवळ एक शतक जावे लागले.

तो तर्क का महत्त्वाचा, हे खोबण डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळत नाही. खोबण म्हणजे हाडांचा शंकू. रुंद तोंड पुढे, निमुळते टोक मागे कवटीकडे. प्रौढ माणसाच्या खोबणीत जेमतेम ३० मिलिलिटर जागा असते. पोह्याचे दोन मोठे चमचे भरून पाणी घेतले तर तेवढेच होईल. त्यातले सुमारे ७ मिलिलिटर डोळ्याचा गोळा घेतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. भिंती हाडाच्या, त्या सरकत नाहीत. आतले काही सुजले तर वाट एकच, पुढची. म्हणून डोळा बाहेर येतो. आणि स्नायू इतके सुजले की मागच्या चिंचोळ्या टोकाशी नस चेपली जाऊ लागली, तर दृष्टीच जाते. अशा रुग्णाचा डोळा कधीकधी फारसा बाहेर आलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना धोका दिसत नाही.

या आजाराचे नाव काय ठेवायचे, यावरही बरीच ओढाताण झाली. इंग्रजी जगात तो ग्रेव्ह्जचा आजार, जर्मन जगात बासेडोचा. पॅरिसच्या त्रूसो या डॉक्टरने ग्रेव्ह्जच्या बाजूने वजन टाकले. पण दोघांच्याही आधी, १७८६ मध्ये, इंग्लंडातल्या बाथ शहरात केलेब पॅरी या डॉक्टरने असा पहिला रुग्ण पाहिला होता. देवीच्या लशीवरचे आपले पुस्तक एडवर्ड जेन्नरने ज्या मित्राला अर्पण केले, तोच हा पॅरी. त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापली गेली, म्हणून मान हुकला. इटलीच्या फ्लायानीचे नावही या यादीत आहे. आणखी मागे जायचे तर बाराव्या शतकातला इराणी वैद्य जुर्जानी याच्या ग्रंथात गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांची जोडी नोंदलेली आहे, असे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

पॅरीच्या टिपणांतली एक हकीकत मुद्दाम सांगायला हवी. एक २१ वर्षांची मुलगी चाकांच्या खुर्चीतून वेगाने उतारावरून येताना बाहेर फेकली गेली आणि जबर घाबरली. त्यानंतर तिची धडधड सुरू झाली आणि गळा सुजला. भीतीतून आजार, हे सूत्र पुढे शंभर वर्षे पुस्तकांत मुरले. बाहेर आलेले डोळे घाबरलेल्या माणसासारखे दिसतात, हात कापतात, घाम येतो. तेव्हा हा कायम राहून गेलेला भयाचा झटका, असा समज होणे सोपे होते. त्यात रुग्णांमध्ये बायकाच जास्त. एकोणिसाव्या शतकात बाईच्या न समजणाऱ्या दुखण्याला नसांचा विकार किंवा हिस्टेरिया म्हणून मोकळे होण्याची डॉक्टरांना सवयच होती.

नसांच्या या समजुतीला प्रयोगशाळेचाही आधार मिळाला. मानेतली एक नस चेतवली की प्राण्यांचा डोळा मोठा व उघडा दिसतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नारने दाखवले होते. शतकाच्या अखेरीस लियॉनचा शल्यविशारद जाबुले या आजारात मानेतली तीच नस कापू लागला. पापणी थोडी खाली येई, डोळा थोडा कमी उघडा दिसे आणि यश मिळाल्यासारखे वाटे. खोबणीतली सूज जिथल्या तिथेच राही.

इंग्लिश कवयित्री क्रिस्टिना रोझेटी हिला १८७१ मध्ये हा आजार झाला. तिचा भाऊ दान्ते गाब्रिएल हा चित्रकार. तरुणपणी तीच त्याच्या चित्रातल्या मेरीची मॉडेल होती. नितळ, झुकल्या नजरेचा तो चेहरा १८४९ च्या चित्रात आजही दिसतो. चाळिशीत त्या चेहऱ्याचा रंग काळवंडला, केस गळाले, डोळे पुढे आले. पुढे आजार ओसरला, पण पूर्वीचा चेहरा परतला नाही. ज्या माणसाचा जुना चेहरा चित्रात टिकून आहे, त्याला हा बदल विसरता येत नाही.

त्या काळचे डोळ्यांचे डॉक्टर मात्र उपचाराची वाट न पाहता नोंदी करत राहिले आणि त्या नोंदी आजही उपयोगी पडतात. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेने १८६४ मध्ये दाखवले, की असा रुग्ण हळूहळू खाली पाहतो तेव्हा वरची पापणी बुबुळाबरोबर उतरत नाही, मागे रेंगाळते. व्हिएन्नाच्या श्टेलवागने पापण्यांची उघडझाप कमी झालेली टिपली. लंडनच्या डॅलरिम्पलच्या नावाने वर ओढली गेलेली पापणी ओळखली जाते. आजही तपासणीच्या खोलीत डॉक्टर रुग्णापुढे बोट धरतात, ते संथपणे खाली नेतात आणि पापणीकडे पाहतात. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीची ही तपासणी अजून कालबाह्य झालेली नाही.

दोष गळ्यातल्या ग्रंथीत आहे, हे कळले ते जवळजवळ अपघाताने. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेनने १८८० मध्ये एका रुग्णाची सुजलेली थायरॉइड ग्रंथी कापली. धडधड थांबली, प्रकृती सुधारली. अशा रुग्णांचा अहवाल त्याने १८८४ मध्ये दिला आणि १८८६ मध्ये पाउल म्योबियसने थायरॉइडच्या अतिरेकी कामामुळे हा आजार होतो, असे उघड मांडले. मग बर्नच्या थेओडोर कोखरने थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. रक्तस्राव रोखत, संथ हाताने काम करत त्याने मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आणले आणि १९०९ चे नोबेल मिळवले. १९१३ च्या उन्हाळ्यात लेनिन आपल्या आजारी पत्नीला, नादेझ्दा क्रुप्सकायाला, घेऊन त्याच्याकडेच गेला होता. तिला क्लोरोफॉर्म दिला नव्हता. तिने जवळजवळ तीन तास वेदना सोसल्या, असे लेनिनने आईला कळवले.

क्रुप्सकायाचे नंतरच्या काळातले फोटो पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. डोळे तसेच पुढे आलेले आहेत.

इथून या आजाराचा दुसरा आणि जास्त अवघड भाग सुरू झाला. ग्रंथी कापली, धडधड गेली, वजन भरून आले, मग डोळे का परतत नाहीत? काहींचे तर शस्त्रक्रियेनंतर अधिकच बाहेर आले. येनाच्या एर्न्स्ट हेर्टेलने १९०५ मध्ये डोळा किती बाहेर आला आहे हे मोजण्याचे उपकरण केले होते. खोबणीच्या बाहेरच्या हाडाच्या कडांवर त्याचे दोन पाय टेकवायचे आणि आरशात बुबुळाची पुढची कड किती मिलिमीटरवर दिसते ते वाचायचे. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरहून अधिक फरक निघाला, तर शंका घ्यायची. या साध्या उपकरणामुळे वाद करता येईनासा झाला. ग्रंथी गेल्यावरही आकडे वाढताना दिसू लागले.

सॅन फ्रान्सिस्कोचा मेंदूचा शल्यविशारद हॉवर्ड नॅफ्झिगर याने १९३१ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. त्याचा विषयच होता थायरॉइड काढल्यानंतर वाढत जाणारे डोळे. त्याने कवटी उघडून खोबणीचे छत काढले आणि आत काय आहे ते पाहिले. डोळ्याचे स्नायू फुगून कित्येक पट जाड झाले होते. बासेडोने नव्वद वर्षांपूर्वी केलेला तर्क आता डोळ्यांसमोर होता. खोबणीला जागा करून देण्याचा प्रयोग याआधीही झाला होता. दोलिंगर या शल्यविशारदाने १९११ मध्ये बाहेरच्या बाजूची भिंत काढली होती. पुढे खालची आणि नाकाकडची भिंत काढणे जास्त सोयीचे ठरले, कारण त्या बाजूंना हवेच्या पोकळ्या आहेत आणि सुजलेल्या ऊतींना तिकडे सरकता येते. आता हेच काम नाकातून दुर्बिणीनेही होते.

या शस्त्रक्रियांमधून एक क्रम शिकला गेला आणि तो आजही पाळला जातो. आधी हाड, मग स्नायू, शेवटी पापणी. हाड काढल्यावर डोळ्याची जागा बदलते आणि तिरळेपणा कमीजास्त होतो, म्हणून स्नायूंची शस्त्रक्रिया त्यानंतरच. स्नायू हलवले की पापणीची उंची बदलते, म्हणून पापणी सगळ्यात शेवटी. चेहरा लवकर पूर्ववत व्हावा म्हणून आधी पापणीचा हट्ट धरणाऱ्या रुग्णाला समजावणे हे डॉक्टरचे अवघड काम आहे.

पण सूज येते कशामुळे? दोन-तीन दशके संशय मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर होता. उत्तर आले न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातून. डंकन अॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्हिस यांनी १९५६ मध्ये रुग्णांच्या रक्तातला द्रव गिनीपिगना टोचला. पिट्युटरीच्या हार्मोनचा परिणाम काही तासांत ओसरतो. या रक्तातल्या कशाचा तरी परिणाम उशिरा आला आणि बराच वेळ टिकला. पुढे कळले, की ते हार्मोन नव्हतेच. ते रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने तयार केलेले प्रतिद्रव्य होते. परक्यावर चालून जायचे ते सैन्य स्वतःच्याच थायरॉइडला चिथावत होते आणि खोबणीतल्या पेशींनाही. त्या पेशी पाणी शोषणारा पदार्थ भराभर तयार करतात, काही चरबीच्या पेशी बनतात आणि स्नायू फुगतात. थायरॉइड आणि डोळे ही एकाच आगीत सापडलेली दोन घरे आहेत; एक विझवले म्हणून दुसरे आपोआप विझत नाही. थायरॉइडच्या तपासण्या अगदी व्यवस्थित असतानाही काही रुग्णांना डोळ्यांचा आजार होतो, त्याचे कारण हेच.

ऑस्ट्रेलियन डॉक्टर फ्रान्सिस रंडल याने १९४५ मध्ये या आगीचा आलेख काढून ठेवला होता. काही महिने ती वाढते, मग स्थिरावते, मग थोडी ओसरते. पूर्ण मूळपदावर बहुधा येत नाही. औषधांचा उपयोग आग चालू असतानाच. विझल्यावर उरलेल्या पडझडीवर स्टेरॉइड देऊन उपयोग नसतो, तिथे शस्त्रक्रिया लागते. हे कळायला साधे वाटते, पण आग चालू आहे की विझली, हे ठरवण्याची सोपी पद्धत यायला १९८९ साल उजाडले. अॅमस्टरडॅमच्या मौरिट्स आणि सहकाऱ्यांनी दुखणे, लाली आणि सूज यांना गुण द्यायला सुरुवात केली. आजच्या पद्धतीत सातपैकी किमान तीन गुण मिळाले, तर आजार सक्रिय. त्याआधी १९७० च्या दशकात सी.टी. स्कॅन आला आणि न कापता खोबणीत पाहता येऊ लागले. चातीसारखा मध्यभागी फुगलेला आणि टोकाला बारीकच राहिलेला स्नायू दिसला, की निदान बहुतेक पक्के.

थायरॉइडच्या एका उपचाराशी मुंबईचे जवळचे नाते आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये बॉस्टनच्या सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने एका व्याख्यानानंतर एम.आय.टी.चे अध्यक्ष कार्ल कॉम्पटन यांना विचारले, की आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड आयोडीन शोषून घेते, तेव्हा तेच तिच्यापर्यंत औषध पोहोचवेल. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला ते दिले गेले. परळला १९६३ मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये याच उपचाराने पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण बरे होत आले आहेत. राज्यातल्या कितीतरी घरांत ‘परळला जाऊन आयोडीन घेतले’ असे सांगणारे कुणीतरी असते.

या उपचाराची डोळ्यांच्या बाबतीत एक बाजू मात्र उशिरा उमगली. इटलीतल्या पिसा येथील बार्तालेना आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या १५० रुग्णांपैकी १५ टक्क्यांचे डोळे नव्याने बिघडले किंवा होते ते वाढले. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत असे झाले नाही. आयोडीन वाईट, असा याचा अर्थ नाही. थायरॉइड आणि डोळे यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, एवढा अर्थ नक्की आहे.

त्याच दशकात आणखी एक गुन्हेगार सापडला. अॅमस्टरडॅमच्या प्रुमेल आणि विर्सिंगा यांनी १९९३ मध्ये दाखवले, की सिगारेट ओढणाऱ्याला ग्रेव्ह्जच्या आजारात डोळे बिघडण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सातपटींहून अधिक असतो. ज्या आजारात रुग्णाच्या हातात फार थोडे असते, तिथे ही एक गोष्ट पूर्णपणे त्याच्या हातात आहे.

या आजाराने व्हाइट हाऊसही सोडले नाही. बार्बरा बुश यांना १९८९ मध्ये आजार निघाला आणि डोळ्यांचाही त्रास झाला. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पतीलाही ग्रेव्ह्जचाच आजार निघाला. नवरा-बायकोला एकच आजार, म्हणून घरातले पाणीसुद्धा तपासले गेले. त्यात काही सापडले नाही.

उपचारांत मधल्या काळात स्टेरॉइडची सद्दी होती. आधी गोळ्या होत्या, मग कळले की आठवड्यातून एकदा शिरेतून दिलेले औषध जास्त गुण देते. जर्मनीतल्या कहाली यांच्या २००५ मधल्या तुलनेत शिरेतून घेणाऱ्या ७७ टक्के रुग्णांना फायदा झाला, गोळ्या घेणाऱ्या ५१ टक्क्यांना. बाहेर आलेला डोळा मात्र स्टेरॉइडने फारसा आत जात नाही. ती उणीव २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टेप्रोट्युमुमॅब या औषधाने भरून काढली. मुळात कर्करोगासाठी शोधलेले हे औषध खोबणीतल्या पेशींवरची एक कळच दाबून ठेवते. तीन तीन आठवड्यांनी आठ सलाइन. मान्यतेआधीच्या मुख्य चाचणीत ८३ टक्के रुग्णांचे डोळे किमान २ मिलिमीटर आत गेले, तर बिनऔषधाच्या गटात १० टक्क्यांचे. पण काहींची ऐकण्याची शक्ती कमी होते, साखर वाढते आणि खर्च लाखो डॉलरमध्ये आहे. इतक्या मोठ्या रकमेचे औषध आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांसाठी नसल्यासारखेच. तिथे अजून स्टेरॉइड, वेळेवर केलेली शस्त्रक्रिया आणि सावध डॉक्टर यांच्यावरच भिस्त आहे.

आपल्या ओळखीत कुणाला थायरॉइडचा आजार असेल आणि त्यांचे डोळे सतत लाल, चुरचुरणारे, सकाळी सुजलेले वाटत असतील, वर पाहताना एकाचे दोन दिसत असतील, तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. रंग फिके दिसू लागले, लाल वस्तू मळकट वाटू लागली, तर त्याच दिवशी पाठवा. चेपलेल्या नसेला थांबायला वेळ नसतो. सिगारेट असेल तर ती आजच बंद करायला सांगा. आणि जाताना एक जुना फोटो बरोबर न्यायला सांगा, लग्नाचा असो वा आधार कार्डावरचा. डोळा बदलला की नाही, हे ठरवताना डॉक्टर तो आवर्जून मागतात.